टिटलिस सोडून आपेन्झेल? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

(नावाखाली ‘निवृत्त बँकवाला, सांगली’ असं लिहिलंत म्हणून काका म्हणतेय. चालेल ना?)

मित्रमंडळींबरोबर आपेन्झेल आणि शाफहाउजनकडे काढलेल्या शनिवार-रविवारबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: स्वित्झर्लंडात राहून युंगफ्राऊ नाही, टिटलिस नाही, ही बर्फाची शिखरं सोडून गायी आणि धबधबा काय दाखवता? धबधबा आमच्या ठोसेघरलाही आहे. आम्ही जन्मात एकदा येणार, आम्हाला याचा उपयोग शून्य. आणि हा सगळा तिथे राहणाऱ्यांचा माज आहे. माजाचं सोडून देऊ, बाकीच्यावर बोलते.

युंगफ्राऊला मी नाक मुरडत नाही. ३४५४ मीटरवरचं रेल्वे स्टेशन, १९१२ पासून चालू, डोंगर पोखरून नेलेलं. बघण्यासारखंच आहे ते. पण इंटरलाकेनहून जाऊन-येऊन पूर्ण तिकीट दोनशे फ्रँकच्या वर जातं आणि वर ढग असले की दिसतं फक्त पांढरंफटक. इथली माणसं सकाळी उठून वेबकॅमवर शिखर दिसतंय का ते बघतात, मग तिकीट काढतात. टूरच्या बसला ती सोय नाही. मंगळवारी युंगफ्राऊ ठरलं की मंगळवारीच, मग वर धुकं असो नाहीतर ऊन.

आम्ही गेलो त्या आपेन्झेलजवळच्या एबेनआल्प डोंगराचं तिकीट त्याच्या पाव किमतीचंही नाही. गोसाउहून लाल रंगाची छोटी गाडी आपेन्झेलमार्गे वासराउएनला सोडते, तिथून केबल कार. वर बर्फ नाही हे खरं, उंची जेमतेम सोळाशे मीटर. पण तिथून खाली उतरणारी वाट चक्क एका गुहेतून जाते. आत मिणमिणते दिवे, पायाखाली ओला दगड, हाताला लाकडी कठडा. याच विल्डकिर्खली गुहांमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुहा-अस्वलांची हाडं आणि निअँडरथल माणसाची दगडी हत्यारं सापडली. पुढे एकोणिसाव्या शतकापर्यंत इथे बैरागी राहायचे. गुहेतून बाहेर पडलात की एकदम कड्यावर, आणि जरा पुढे एशर नावाचं लाकडी खानावळवजा घर, कड्याच्या पोटाला चिकटलेलं. मागची भिंत बांधलेलीच नाही, डोंगर हीच भिंत.

हे घर २०१५ मध्ये एका अमेरिकी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर झळकलं आणि गर्दी इतकी उसळली की ते चालवणाऱ्या कुटुंबाने २०१८ मध्ये हात टेकले आणि चालवणं सोडलं. तेव्हा ‘कुणाला माहीत नसलेलं गाव’ वगैरे मी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. शनिवारी दुपारी तिथे टेबल मिळायला ताटकळावं लागतं. आम्हीही ताटकळलो.

शाकाहाराबद्दल मी काहीच लिहिलं नाही असंही तुम्ही म्हणालात. तर रोश्ती म्हणजे किसलेल्या बटाट्याचं खरपूस थालीपीठ समजा, पण ऑर्डर देताना ‘बेकन नको’ हे स्पष्ट सांगायचं. ‘आल्पलरमाग्रोनेन’ म्हणजे मॅकरोनी, बटाटा, चीज आणि सोबत सफरचंदाचा गर. ऐकायला विचित्र, खायला झकास. त्यातही बेकनचं विचारून घ्यायचं. कडक शाकाहारी असाल तर आणखी एक: ग्रुयेरसारख्या पारंपरिक चीजमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. टूरवाले हे सहसा सांगत नाहीत.

आता गायींवरून जो टोमणा मारलात त्याबद्दल. आपेन्झेल गावात मी सगळ्यात जास्त वेळ गायींपाशी नाही, एका चौकात काढला. तिथे एप्रिलच्या शेवटच्या रविवारी नागरिक उघड्यावर जमतात आणि हात वर करून आपल्या प्रांताचे कायदे ठरवतात. पुरुषांना मतदानपत्राऐवजी बापजाद्यांची तलवार कमरेला लावून आलेलं आजही चालतं. आणि याच चौकात १९९० च्या एप्रिलमध्ये पुरुषांनी बायकांना प्रांताच्या कारभारात मताचा हक्क द्यायला पुन्हा एकदा नकार दिला! देशपातळीवर तो १९७१ मध्येच मिळाला होता. शेवटी १९९० च्याच नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने कान पिळला आणि १९९१ मध्ये बायका पहिल्यांदा या चौकात मत द्यायला उभ्या राहिल्या. माझ्या आजीने १९५२ साली मत दिलं होतं, काका. फुलांच्या कुंड्यांनी सजलेल्या त्या चित्रासारख्या घरांसमोर उभं राहून हा हिशेब मांडताना जी गंमत वाटते, ती मला टिटलिसवर वाटली नसती. तुम्हाला वाटणार नाही कदाचित. आवडीनिवडीचा प्रश्न आहे.

राहता राहिला धबधबा. उंचीची शर्यत लावलीत तर ठोसेघर सहज जिंकेल. शाफहाउजनजवळचा हा ऱ्हाईन फॉल जेमतेम २३ मीटर. पण तो दीडशे मीटर रुंद आहे, आणि अख्खी ऱ्हाईन नदी एका दमात खाली येते. आपले धबधबे पावसावर जगतात, उन्हाळ्यात सुकतात. हा मात्र आल्प्समधलं बर्फ वितळतं तेव्हा, मे अखेरीपासून जुलैपर्यंत, सगळ्यात जोरात असतो. नेमके तेव्हाच तुम्ही लोक सुट्टीत येता. लाउफेन किल्ल्याच्या बाजूने गेलात तर तिकीट पडतं, समोरच्या नॉयहाउजनच्या काठावरून फुकट दिसतो. आणि बऱ्याच मराठी टूर कंपन्यांच्या युरोप सहलीत हा थांबा असतोच, तेव्हा धबधब्याला नावं ठेवण्याआधी तुमचं बुकिंग एकदा तपासा.

जन्मात एकदा येणाऱ्यानेही सगळे दिवस शिखरांवर लावू नयेत, हे माझं मत मी बदलत नाही. युंगफ्राऊ करा, जरूर करा. पण झुरिकमध्ये एक दिवस मोकळा मिळाला तर स्टेशनवरून शाफहाउजनची गाडी पकडा, तासाच्या आत पोहोचाल. रविवार असेल तर खायचं बरोबर घ्या, दुकानं बंद असतात. तारखा ठरल्या की इथेच कळवा, गाड्यांच्या वेळा बघून देते.