उद्गारचिन्हांत कंजुषी नको

इंग्रजीत ई-मेल लिहायला बसाल तेव्हा एक पथ्य अवश्य पाळा, ते म्हणजे वाक्याच्या शेवटी पूर्णविराम देण्याचा उद्धटपणा करू नका. ‘थँक्स’पुढे नुसते टिंब दिलेत, तर तुमचे काहीतरी बिनसले आहे अशी वाचणाऱ्याची समजूत होते, एक उद्गारचिन्ह दिलेत, तर तुम्ही निदान माणसांत आहात एवढे कळते, आणि आभार मनापासून आहेत हे पटवायचे असेल, तर दोन लागतातच. परवा मी स्वतः दोन ओळींच्या उत्तरात सहा चिन्हे घातली, लाज वाटून पाच खोडली आणि मग आपण फारच कोरडे वाटतो की काय, या धास्तीने एक परत बसवले. मजकूर एवढाच होता की, फाइल मिळाली.

पूर्वीच्या लोकांचा संयम वाखाणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. अनेक जुन्या टाइपरायटरांवर या चिन्हाची कळच नव्हती. आधी टिंब उमटवायचे, मग एक घर मागे यायचे आणि त्याच्या डोक्यावर लोपचिन्ह (इंग्रजीतला ॲपॉस्ट्रॉफी) ठोकायचे, एवढ्या खटाटोपात कोणाचाही आनंद ओसरणारच. तुमच्याजवळ शिफ्ट आहे आणि एकचा आकडा आहे, शिवाय बोट उचलायला विसरलात तर उत्साह आपोआप ओळभर लांबतो. २०१६ साली इंग्लंडच्या शिक्षण खात्याने सात वर्षांच्या मुलांच्या मूल्यमापनासाठी असा दंडक घातला होता की, ‘व्हॉट’ किंवा ‘हाऊ’ने सुरू होणारे वाक्यच उद्गारवाचक धरावे. आपण सुदैवाने सात वर्षांचे नाही, त्यामुळे ‘बैठक चार वाजता आहे’ या वाक्यावरही खुशाल आनंदाने किंचाळू शकतो.

आकड्यांपुढे मात्र जपून. क्रिस्तियान क्रांप या गणितज्ञाने १८०८ साली हेच चिन्ह क्रमगुणितासाठी, म्हणजे एखाद्या आकड्यापासून एकपर्यंतच्या सगळ्या आकड्यांच्या गुणाकारासाठी वापरले, त्यामुळे ‘आम्ही ५! जण येत आहोत’ असे एखाद्या गणिताच्या प्राध्यापकांना कळवलेत, तर ते १२० खुर्च्या मांडून वाट पाहत बसतील.

शोकसंदेशात किती चिन्हे घालावीत, हा प्रश्न नाजूक आहे; सवयीने एखादे पडलेच, तर पाठवण्यापूर्वी पुसावे. आणि कधी खरोखरच इमारतीला आग लागली व ती सर्वांना कळवायची वेळ आली, तर तेवढ्यापुरता साधा पूर्णविराम द्या; तो पाहिल्यावर लोक धावत सुटतील.