रॉकी हरला होता

गेल्या रविवारी भाच्याशी फोनवर वाजलं. आपल्याकडचा कुणी खेळाडू फायनलमध्ये हरला की दर वेळी जो वाद पेटतो, तोच: रौप्यपदकवाल्यांच्या मिरवणुका कशाला काढायच्या? हरलेल्यांना हार घालतो म्हणून आपण मागे, असं त्याचं म्हणणं. वर मलाच ऐकवतो, "मामा, तुझ्या फिलाडेल्फियाचा रॉकी बघ. जिंकला म्हणून जगाने डोक्यावर घेतला."

अरे, रॉकी हरतो! 1976 चा पहिला 'रॉकी' सिनेमा नीट बघ, फिलाडेल्फियातल्या एका साध्या बॉक्सरची गोष्ट. पंधरा राउंडनंतर पंचांमध्ये मतभेद होतात आणि निकाल जगज्जेत्या अपोलो क्रीडच्या बाजूने लागतो. पण तो निकाल आपल्याला धड ऐकूच येत नाही. रिंगमध्ये झुंबड, बिल काँटीचं संगीत चढत चाललेलं, आणि सुजलेल्या डोळ्यांनी हा "एड्रियन, एड्रियन" ओरडतोय. ती, त्याची प्रेयसी, गर्दीतून वाट काढत पोचते, तर हा विचारतो, तुझी टोपी कुठंय? निकाल जाहीर होत असताना आपला जीव त्या दोघांत अडकलेला असतो. म्हणून लोकांना तो जिंकल्यासारखा आठवतो.

मला सगळ्यात भिडतो तो लढतीच्या आदल्या रात्रीचा प्रसंग. रॉकी एकटाच रिकाम्या स्टेडियममध्ये जातो. वर टांगलेल्या त्याच्या भल्यामोठ्या चित्रात चड्डीचा रंग चुकलाय. तो आयोजकाला तसं सांगतो, तर आयोजक म्हणतो, त्याने काय फरक पडतो? आपल्याला इथे कशाला आणलंय, हे रॉकीला तेवढ्यावरून कळतं. घरी येऊन एड्रियनशेजारी आडवा होतो आणि कबूल करतो, मी त्याला हरवू शकत नाही. शेवटची घंटा वाजेपर्यंत उभा राहिलो, तर निदान मला कळेल की मी गल्लीतला आणखी एक वाया गेलेला पोरगा नव्हतो.

मार्च 1975 मध्ये चक वेपनर नावाचा बॉक्सर मुहम्मद अलीसमोर पंधराव्या राउंडपर्यंत टिकला आणि 19 सेकंद उरले असताना पंचाने लढत थांबवली. ती बघूनच सिनेमा लिहिणाऱ्या आणि रॉकी साकारणाऱ्या सिल्व्हेस्टर स्टॅलोनला ही गोष्ट सुचली. वेपनरचे हुकलेले ते 19 सेकंद त्याने रॉकीला दिले, विजय मात्र दिला नाही. जेमतेम दहा लाख डॉलरच्या या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं ते उगाच नाही.

भाच्याला मी ठणकावून सांगितलं, आमच्याकडे हरलेल्याचा पुतळा आहे, लोक रांग लावून फोटो काढतात, सिनेमात रॉकी धावत चढतो त्या म्युझियमच्या 72 पायऱ्या धावत चढतात. तुम्हाला हरलेला माणूस बघवत नाही, एवढंच.

एक गोष्ट मात्र गाळली. या शहराचा खराखुरा बॉक्सर जो फ्रेझर. कत्तलखान्यात काम करणारा, 1971 मध्ये अलीला हरवणारा. त्याचा पुतळा उभा राहिला 2015 साली, तो जाऊन चार वर्षं झाल्यावर. ते सांगितलं असतं तर माझाच मुद्दा लंगडा पडला असता.

आणि दुसरीही एक गाळली. इथल्या केन्सिंग्टन वस्तीत, एलच्या (खांबांवरून धावणाऱ्या लोकलच्या) रुळांखालच्या खोलीत मी पहिला हिवाळा काढला. गाडी गेली की खिडकीची काच थरथरायची. त्यानंतर दोनदा नोकरी गेली, आणि आता अकरा वर्षं त्याच हुद्द्यावर आहे. सुट्टीत घरी गेलो की "अमेरिकेत नाव काढलं" म्हणून शाल खांद्यावर पडते आणि मी ती गुपचूप घेतो. हरलेल्याचा सत्कार नको म्हणणाऱ्यांवर मी एवढा का चिडतो, ते फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

शेवटी त्याने विचारलं होतं, "मग मामा, तू तिकडे जिंकलास ना?" मी आईच्या गुडघ्यांची चौकशी करून विषय बदलला. उत्तर राहून गेलं, ते इथे देतो. नाही रे, जिंकलो नाही. बावीस हिवाळे झाले, अजून उभा आहे.