‘पटकी इंग्रजांनी आणली’ हा फॉरवर्ड

सध्या एक मेसेज फिरतोय, की पटकी म्हणजे कॉलरा आपल्याकडे नव्हताच, 1817 ला इंग्रजांनी मुद्दाम विहिरी नासवून तो आणला आणि वैद्यांकडे खात्रीचा इलाज होता तो दाबून टाकला.

नव्हताच? गोव्यात 1543 ला साथ आली होती ती गास्पार कोरेया या पोर्तुगीज बखरकारानं लिहून ठेवलीय, आणि गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या 1563 ला गोव्यातच छापलेल्या पुस्तकातही हा रोग आहे. 1817 ला नवीन एवढंच की तो इतका लांब आणि इतक्या वेगानं पहिल्यांदाच पसरला.

विहिरींचं तर सोडाच. ऑगस्ट 1817 ला बंगालात जेसोरला साथ भडकली आणि नोव्हेंबरात बुंदेलखंडात खुद्द गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या छावणीत घुसली, शिपाई, नोकर, बाजारबुणगे हजारोंनी मेले, शेवटी तळ हलवून बेटवा नदीवर एरिचला न्यावा लागला. स्वतःच्याच फौजेला कोण मारतं? शिवाय रोग पाण्यातून जातो हे तेव्हा त्यांना ठाऊक कुठं होतं, ते खराब हवेला दोष देत बसले होते.

पण म्हणून इंग्रज सुटत नाहीत हं. पेंढारी आणि मराठ्यांविरुद्धची मोहीम चालू होती, फौजा, बैल, हमाल, बाजार असं सगळं लटांबर गावोगाव फिरत होतं, वाटेत दिसेल त्या ओढ्याचं पाणी पीत आणि तिथंच घाण करत, मग साथ मे 1818 ला नागपूर, पुढं पुणे, ऑगस्टात मुंबई. वाटेतल्या खेड्यांत किती गेले याची धड मोजदादही नाही.

आणि इलाज? गावकरी मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायचे. गोरे डॉक्टर कॅलोमेल म्हणजे पाऱ्याचं औषध नि अफू द्यायचे आणि वर शीर कापून रक्त काढायचे, म्हणजे अंगातलं पाणी आटलेल्या माणसाचं रक्तही काढायचं!! 1832 ला स्कॉटलंडमध्ये लॅटा नावाच्या डॉक्टरनं शिरेतून मिठाचं पाणी देऊन पाहिलं, काही रोगी सावरलेही, तरी ते मागं पडलं. दाबायला इलाज होता कुणाकडं?

सरकारला धरायचंच तर 1884 वर धरा. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञानं कलकत्त्याच्या तळ्यातल्या पाण्यात पटकीचा जंतू दाखवला आणि यांनी काय केलं, तर क्लाइन आणि गिब्ज या आपल्या डॉक्टरांना तपासाला पाठवलं, त्यांनी कॉखचं म्हणणं अमान्य केलं आणि सरकारला ते सोयीचंच होतं, कारण रोग माणसांबरोबर फिरतो हे मान्य केलं की सुएझमधून जाणाऱ्या जहाजांना क्वारंटाईन लागणार ही धास्ती.