जुन्या कॅम्परमधली दुसरी बॅटरी: ‘एका दुपारचं काम’ या सल्ल्याला उत्तर

जुनी कॅम्पर व्हॅन घेतली की एक सल्ला हमखास कानावर येतो. तो साधारण असा: “इंजिनची बॅटरी रात्रीतून उतरते ना? मागे दुसरी बॅटरी ठेव. दोन्हींचे पॉझिटिव्ह जाड वायरने जोड, मध्ये एक रिले (विजेवर चालणारा स्विच) टाक. दिवे, रेडिओ, पंप, फ्रिज यांच्या वायरी नव्या बॅटरीवर घे. निगेटिव्ह बॉडीला. बारा व्होल्टच तर आहेत, शॉक बसत नाही. गाडी चालली की दोन्ही चार्ज होतात. एका दुपारचं काम.” मी हे काम स्वतःच्या गाडीत केलं आहे, इतरांनी केलेलं उघडून निस्तरलंही आहे. या सल्ल्यातलं जवळपास प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे, आणि नेमकं त्यामुळेच लोक त्यावर विश्वास ठेवतात. उरलेलं अर्धं इथे सांगतो.

“बारा व्होल्टच तर आहेत.” शॉक बसत नाही, मान्य. पण वायर तापते ती करंटने. पूर्ण चार्ज असलेली 100 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे साठवणीचं माप) लेड-ॲसिड बॅटरी शॉर्ट झाली तर हजारावर अँपिअर सोडू शकते. पान्हा पॉझिटिव्हवरून घसरून पत्र्याला टेकला तर जागीच चिकटून लाल होतो. तसंच बोटातल्या अंगठीचं. म्हणून बॅटरीच्या वायरी सोडवताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी.

याच वाक्याच्या भरवशावर लोक फ्यूज टाळतात किंवा लांब कुठेतरी बसवतात. फ्यूज असतो वायर वाचवायला, त्यामुळे तो बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात हवा. त्याच्या अलीकडच्या वायरीला कुणी वाली नसतो. दोन बॅटऱ्या जोडणाऱ्या वायरीला तर दोन्ही टोकांना फ्यूज लागतो. ती वायर सीटखाली पत्र्याच्या कडेला घासून उघडी पडली, तर करंट दोन्हीकडून येतो. एकाच टोकाला फ्यूज असेल तर तो उडाला तरी दुसऱ्या टोकाची बॅटरी ती वायर जाळतच राहते. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) आणि पुढे नळी, यात कंजुषी करू नका.

आता सगळ्यात घोटाळ्याचं वाक्य: “दिवे, रेडिओ, पंप, फ्रिज यांच्या वायरी नव्या बॅटरीवर घे.” जुन्या गाडीत एका फ्यूजवर एकच गोष्ट क्वचित असते. आतला दिवा, घड्याळ, सिगारेट लायटरचा सॉकेट, कधी हॉर्नसुद्धा, सगळे एकाच फ्यूजवरून निघतात आणि छताच्या अस्तरामागे कुठेतरी वेगवेगळे होतात. शिवाय मधल्या मालकांनी काय काय जोडलंय ते वेगळंच. तुम्ही दिव्याला मागच्या बॅटरीचा पॉझिटिव्ह दिलात, पण त्याची जुनी वायर कुठेतरी पुढच्या बॅटरीशी जोडलेलीच राहिली, तर ती बारीक वायर दोन बॅटऱ्यांमधला कायमचा पूल होते. रिलेने जोडलेलं असो वा तोडलेलं, बॅटऱ्या जोडलेल्याच.

माझ्या गाडीत हेच झालं होतं. दोन-तीन दिवस सगळं छान चाललं. मग एका थंड सकाळी सेल्फ मारला आणि छतातून प्लास्टिक जळाल्याचा वास आला. अस्तर उतरवलं तेव्हा घड्याळाच्या वायरीला पीळ देऊन इन्सुलेशन टेप गुंडाळलेला एक जोड सापडला. टेप वितळून तपकिरी झाली होती. सेल्फ फिरताना पुढच्या बॅटरीचा व्होल्टेज साडेनऊपर्यंत पडला होता, मागची साडेबारावर होती. तीन व्होल्टचा फरक आणि मध्ये 1 स्क्वेअर एमएमची सुमारे पाच मीटर वायर. तिचा रोध 0.086 ओहम, म्हणजे पस्तीसच्या आसपास अँपिअर त्या केसाएवढ्या वायरीतून स्टार्टरकडे धावत होते. तिथे 10 अँपिअरचा फ्यूज असता तर उडाला असता. पण आधीच्या कुणीतरी ‘सारखा उडतो’ म्हणून 30 चा बसवला होता. फ्यूज सारखा उडत असेल तर त्यामागचं कारण शोधा. मोठा फ्यूज घालणं म्हणजे पहारेकऱ्याला घरी पाठवणं.

म्हणून मी जुन्या वायरींना फाटे फोडत नाही. मागच्या बॅटरीसाठी स्वतंत्र फ्यूजबॉक्स आणि तिथून नव्या वायरी. जुनी वायर दोन्ही टोकांना सोडवून टोकं बंद करायची. हेडलाइट, ब्रेक लाइट, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, इग्निशन, फ्युएल पंप यांना हातच लावायचा नाही. रेडिओला बहुधा दोन पॉझिटिव्ह असतात, एक कायमचा आणि एक चावीचा. दोन्ही मागच्या बॅटरीवर घ्या आणि चावीच्या जागी साधं बटण द्या. दारासोबत लागणारा दिवा निगेटिव्ह बाजूने, दाराच्या स्विचमधून बॉडीला जातो. मागच्या बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला नीट जोडलेला नसेल तर तो लागणार नाही.

“निगेटिव्ह बॉडीला” हे जुन्या गंजलेल्या गाडीत इतक्या सहज होत नाही. रंग खरवडून चकचकीत पत्रा, घट्ट बोल्ट, वरून ग्रीस. मग बॉडीतून निगेटिव्ह घेणारे दिवे चालू ठेवून बॅटरीचा निगेटिव्ह आणि बोल्टाशेजारचा उघडा पत्रा यांच्यामध्ये मल्टिमीटर धरा. एक दशांश व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसलं तर जोड कच्चा आहे. फ्रिजला आणि पंपाला मी निगेटिव्हही स्वतंत्र वायरीनेच देतो.

वायरीची जाडी सल्ल्यात कधीच नसते. 5 अँपिअर घेणारा कॉम्प्रेसर फ्रिज बॅटरीपासून पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर झाले. 1.5 स्क्वेअर एमएममध्ये 0.57 व्होल्ट वाटेतच संपतात, 6 स्क्वेअर एमएममध्ये 0.14. बॅटरी अर्धी भरलेली असतानाच फ्रिज ‘बॅटरी लो’ म्हणून बंद पडतो तेव्हा दोष बऱ्याचदा वायरीचा असतो, आणि लोक नवी बॅटरी आणतात.

“मध्ये एक रिले टाक.” त्या रिलेला कशाने चालवायचं? चावीच्या वायरीवर जोडलात तर सेल्फ मारताना तो लागलेलाच असतो आणि स्टार्टर मागच्या बॅटरीतूनही ओढतो. अल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) चार्जिंग लॅम्पची, म्हणजे डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या दिव्याची, वायर वापरा, ती इंजिन सुरू झाल्यावरच जिवंत होते. किंवा व्होल्टेज पाहून सुमारे 13.3 ला जोडणारा आणि 12.8 ला तोडणारा तयार रिले घ्या. लिथियम बॅटरी असेल तर रिले नकोच. ती भरपूर करंट ओढते आणि जुना, लहान अल्टरनेटर तासन्‌तास पूर्ण भाराखाली तापतो. तिथे करंटला मर्यादा घालणारा डीसी-डीसी चार्जर लावा.

“गाडी चालली की चार्ज होते.” थोडी होते. लेड-ॲसिडचा शेवटचा पाचवा भाग भरायला कित्येक तास जातात, तासाभराच्या ड्रायव्हिंगने तो भरत नाही. सतत अर्धवट भरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं. अधूनमधून चार्जरवर रात्रभर लावणं किंवा सोलर पॅनेल हवंच. 100 एएचमधले निम्मेच वापरायचे. वापर आणि चार्जिंग बंद ठेवून काही तासांनी मीटरवर 12.2 दिसले की निम्मी संपली. इंजिनची साधी बॅटरी इथे चालत नाही, तिच्या पातळ प्लेटा खोल उपशाने लवकर मरतात. आणि पाणी घालायची बॅटरी सीटखाली झोपायच्या जागेत ठेवणार असाल तर बंद पेटी आणि बाहेर जाणारी नळी द्या, चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो.

काम झाल्यावर एक तपासणी जरूर करा. इंजिन बंद, पुढच्या बॅटरीचा निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह, आणि ती मोकळी क्लॅम्प कशालाही टेकू देऊ नका. मागची बॅटरी जोडलेलीच ठेवा. मीटरचं एक टोक मोकळ्या पॉझिटिव्ह क्लॅम्पला, दुसरं बॉडीला. शून्य दिसलं पाहिजे. बाराच्या जवळपास दिसले तर कुठेतरी पूल शिल्लक आहे. मागचे फ्यूज एकेक काढत जा. ज्याने आकडा शून्यावर येईल, त्या फ्यूजच्या वायरीचा माग काढत अस्तर उघडा.