गोल बुडाची बादली

माझी एक फायर बकेट हरवली आहे. बाहेरून लाल, आतून पांढरी, उंची साडेतीन मिलिमीटर. पार्किंगमध्ये पावसाच्या पाण्याची जाळी आहे, तिच्या आसपास कुठेतरी असावी. सापडल्यास कृपया पायानं सरकवू नये. हे सोसायटीच्या ग्रुपवर टाकणार होतो, पण बायको म्हणाली, "नको, आधीच लोक काय काय बोलतात."

लोक एवढंच बोलतात की मी रेल्वे खेळतो. खेळत नाही, बांधतो. खिडकीखाली सहा बाय अडीच फुटांच्या प्लायवर एचओ स्केलमध्ये, म्हणजे एकास सत्त्याऐंशी या प्रमाणात, घाटाच्या पायथ्याचं एक स्टेशन आहे. निंबोणी रोड. रूळ, इंजिन, डबे विकत मिळतात. माणसंही मिळतात, पण जर्मन बनावटीची. त्यांतला एक खांद्यावर स्की घेऊन उभा आहे. निंबोणी रोडला स्की घेऊन कोण उतरणार? चहावाला, ट्रंकेवर बसलेली आजी, पाण्याचे नळ, बाकडी, आगीच्या बादल्या हे सगळं थ्रीडी प्रिंटरवर रेझिनमध्ये, म्हणजे प्रकाशानं घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात, छापून घ्यावं लागतं.

छापणं सोपं. मशीन रात्रभर त्या द्रवात बुचकळ्या मारत बसतं, अतिनील प्रकाशानं ०.०५ मिलिमीटरचा एकेक थर गोठवतं आणि सकाळी वस्तू हजर. इथे सगळे व्हिडिओ संपतात. पुढचं माझ्या वाट्याला. हातमोजे घालून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवायचं, कारण कच्चं रेझिन कातडीला लागलं की आधी खाज आणि मग डॉक्टर. छपाईच्या आधारासाठी वस्तूला काड्यांचं रान उगवलेलं असतं. ते गरम पाण्यात मऊ करून कटरनं एकेक काडी तोडायची. बादलीची कडी त्या काडीहून बारीक, म्हणून आधी तीच तुटते. मग यूव्ही दिव्याखाली पक्कं करायचं. उन्हातही होतं, पण उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर कुरडयांचा ताबा असतो आणि कुरडयांशेजारी रेझिन ठेवल्यावर काय झालं ते इथे सांगण्यासारखं नाही. उरलेलं रेझिन गाळायला एकदा मैद्याची चाळणी मागितली होती. तेव्हा जे ऐकून घेतलं तेही नाही.

काडी सुटली तिथे पुटकुळी राहते. ती सहाशे नंबरच्या वॉटर पेपरनं घासायची आणि प्रायमर मारायचा. प्रायमर ही जातच चहाडखोर. तोवर नितळ वाटलेल्या बादलीवर एक हात बसला की सगळे थर मोजून घ्यावेत असे दिसायला लागतात. ०.०५ गुणिले सत्त्याऐंशी म्हणजे प्रत्येक थर चार मिलिमीटरहून जाड. पायऱ्यापायऱ्यांची बादली कुठल्या स्टेशनावर असते? पुन्हा घासा. मग तीन शून्यांच्या ब्रशनं रंग, खाचांत पातळ काळा, कडांवर कोरड्या ब्रशचा हलका हात, आणि शेवटी मॅट वार्निशचा फवारा. हा फवारा दमट हवेत मारला की रंगावर पांढुरकी साय धरते. म्हणून मी उघडीप मिळायची वाट बघत बसलो होतो. रविवारी दुपारी ऊन पडलं. मास्क लावला, सगळं सामान आइस्क्रीमच्या काड्यांवर दुहेरी टेपनं चिकटवलं आणि खाली गेलो.

पहिला हात मारून झाला, तोच मागून आवाज आला, "काय रंगवतोयस?"

"स्टेशनचं सामान आहे, काका."

इथे मी नुसतं 'खेळणी' म्हणालो असतो तर बादली आज माझ्याकडे असती. काका स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण ती बातमी अजून त्यांच्या आवाजापर्यंत पोचलेली नाही. त्यांचे हात पाठीमागे गेले, चष्मा नाकावर उतरला.

"चार्जमध्ये कोण आहे?"

"कशाच्या?"

"स्टेशनच्या."

"मीच."

"मग उभा राहा की."

मी उकिडवा बसलो होतो. उभा राहिलो. का राहिलो ते मला अजून कळलेलं नाही.

सुरुवात नामफलकापासून झाली. पिवळी पाटी, काळी अक्षरं. "मराठी, हिंदी, इंग्रजी. ठीक. समुद्रसपाटीपासूनची उंची?"

"लिहिलीय, खाली कोपऱ्यात."

"दिसत नाही."

"काका, अक्षर अर्ध्या मिलिमीटरचं आहे."

"पॅसेंजरला दिसेल का?"

"पॅसेंजर वीस मिलिमीटरचा आहे."

हे स्पष्टीकरण फेटाळण्यात आलं. "नावात रोड आहे, म्हणजे गाव लांब असणार. कुठाय?"

"कपाटामागे."

"रस्ता?"

"नाही अजून."

"मग पॅसेंजर येतात कुठून?"

जर्मनीहून, हे अगदी ओठांवर आलं होतं.

मग बाकडं. त्या बाकड्याचा मला अभिमान होता. लाकडाचे रेषे, पोपडे उडालेला हिरवा रंग आणि पाठीच्या कोपऱ्यात पानाची पिचकारी. बर्न्ट सिएनात लालचा एक थेंब, भरपूर पाणी, आणि टोकदार ब्रशनं एकच झटका. ती साधायला किती बाकडी खर्ची पडली ते विचारू नका. घरी येणारा पाहुणा "इंजिन फिरवून दाखव" म्हणतो. बाकड्याकडे आजवर कुणी ढुंकून पाहिलेलं नाही. काकांनी पाहिलं. आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

"हे कुणी केलं?"

"मीच."

"तू थुंकलास?"

"रंग आहे, काका. खरं दिसावं म्हणून."

"खरं दिसावं? जनरल मॅनेजरच्या इन्स्पेक्शनच्या आधी झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लावून घ्यायचो मी. साहेबांनी तिकीट खिडकीच्या कट्ट्यावर बोट फिरवलं आणि बोटाकडे बघून मान डोलावली होती. आणि तू पैसे खर्चून डाग लावतोस! साफ करून टाक."

मी "बरं" म्हणालो.

आता बादल्या. "बाहेर लाल, आत पांढरा. करेक्ट. बूड बघू."

"गोल आहे, काका."

"का असतं गोल?"

मला माहीत होतं, पण परीक्षकाला उत्तर नको होतं, श्रोता हवा होता. "सपाट बुडाची बादली स्टेशनात ठेवली की आठवड्यात कुणाच्या तरी क्वार्टरमध्ये अंघोळीला लागते. गोल बुडाची उभीच राहत नाही, नेऊन करणार काय? तरी एक निघाला महाभाग. न्हाणीघराची फरशी फोडून खळगा केला त्यानं, बादली बसवायला! मी चौकशीला गेलो तर म्हणतो, साहेब, खळगा आधीपासूनच होता." त्यानंतर त्या माणसाची बदली, त्याच्या मेव्हण्याची पॉइंट्समनची नोकरी आणि त्या मेव्हण्याचं लग्न हे सगळं आलं. मेव्हण्याच्या लग्नात जिलबी कमी पडली होती. आकाशात ढग जमत होते, दुसरा हात मारायचा राहिला होता आणि मी हातात डबा धरून जिलबीची गोष्ट ऐकत होतो.

जिलबी संपल्यावर काकांनी टेपवरची एक बादली चिमटीत धरून उपटली. मी "काका, ओली—" एवढंच म्हणू शकलो. त्यांनी ती शेजारच्या स्कूटरच्या सीटवर उभी केली, वाकून पाहिलं. बादली कलंडली, सीटच्या उतारावरून घरंगळली आणि दिसेनाशी झाली. पडल्याचा आवाजसुद्धा नाही. साडेतीन मिलिमीटरला कसला आवाज?

काका समाधानानं ताठ झाले. "नाही राहिली उभी. पास!"

वॉचमन मामा बॅटरी घेऊन आले. "काय शोधायचंय?" म्हणाले. "बादली," म्हणालो. त्यांनी आधी नळाकडे बॅटरी मारली. मग समजावून सांगितलं, तेव्हा माझ्याकडे मारली. तेवढ्यात सर आली. मी बाकीच्यांवर घाईघाईनं दुसरा हात मारला आणि व्हायचं तेच झालं. आजीच्या नऊवारीवर, चहावाल्याच्या किटलीवर, सगळीकडे पांढुरकी साय. निंबोणी रोडला पीठ सांडल्याची कळा आली.

संध्याकाळी ग्रुपवर सेक्रेटरींची सूचना: 'एका ज्येष्ठ सभासदाच्या तक्रारीनुसार, पार्किंगमध्ये उग्र वासाची रसायने वापरू नयेत.' ज्येष्ठ सभासद! ज्यांनी त्या उग्र वासात उभं राहून मेव्हण्याचं लग्न लावलं ते! वरच्या मजल्यावर दिवाळीपासून होळीपर्यंत ग्रॅनाइट कापत होते, दुपारी, लोकांच्या झोपेच्या वेळी. तेव्हा 'घराचं काम आहे, चालायचंच.' फटाक्यांच्या धुरानं पार्किंगमध्ये गाडी दिसेनाशी होते, ते चालतं. वार्निशचा डबा, तोही मास्क लावून, चालत नाही. याच शहरात, कर्वे रोडवर, भाऊ जोशींनी १९९८ मध्ये छोट्या रेल्वेचं संग्रहालय उघडलं. तिथे लोक पोराबाळांना घेऊन, तिकीट काढून बघायला जातात. माझ्याकडे फुकट आहे, तर पंचनामा आणि नोटीस.

उत्तर टाईप करत होतो, 'आदरणीय सभासदांस' पर्यंत पोचलो होतो, एवढ्यात बेल वाजली. दारात काका, हातात कागदाची पुडी. तक्रारीचा विषय त्यांच्या चेहऱ्यावर कुठेही नव्हता.

"रिकाम्या फायर बकेट ठेवता येत नाहीत. वाळू आणलीय. मागच्या बांधकामावरून." असं म्हणून ते सरळ खिडकीपाशी गेले. "प्लॅटफॉर्म आखूड आहे."

मी सांगून पाहिलं की पूर्ण लांबीचा प्लॅटफॉर्म या प्रमाणात केला तर तो हॉल ओलांडून शेजाऱ्यांच्या देव्हाऱ्यात शिरेल. १८५३ मध्ये पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, ते ३४ किलोमीटरसुद्धा माझ्याकडे ३९० मीटर होतात, म्हणजे डेअरीच्याही पुढे. काका म्हणाले, "ते ठाण्याचं ठाण्याला. बादल्या आण."

"काका, ही वाळू चालणार नाही. एक मिलिमीटरचा कण म्हणजे या स्टेशनात सत्त्याऐंशी मिलिमीटरचा धोंडा. बादलीत मोसंबी भरल्यासारखी दिसतील."

काकांनी क्षणभर विचार केला. "मग चाळून घेऊ. सूनबाई, चाळणी आहे का गं बारीक?"

"आहे की," बायको म्हणाली आणि मैद्याची चाळणी घेऊन आली. तीच. माझ्याकडे न बघता. "काका, वर्तमानपत्र अंथरू का?"

मी मनात गुणाकार केला. चाळून खाली येणारा कण पाव मिलिमीटरचा धरला तरी बावीस मिलिमीटर. मोसंब्यांची खडी झाली, एवढंच. पण हे ऐकायला कुणी मोकळं नव्हतं. काका माझ्या खुर्चीत, माझं भिंग लावून, चाळणीला बोटानं टिचक्या मारत होते आणि न्हाणीघरातला खळगा पुन्हा पहिल्यापासून सांगत होते. बायको हसत होती. मी चहा टाकायला उठलो.

"साखर बेताची," काका मान वर न करता म्हणाले.