सहमतीची व्याख्या आपल्याकडे आधीच आहे

‘मग काय, आता स्टॅम्पपेपरवर सही घ्यायची?’ शरीरसंबंधातल्या सहमतीचा विषय निघाला की गावाकडून हा प्रश्न हमखास येतो. पाठोपाठ दुसरं वाक्य: ‘तुमच्या स्वीडनमध्ये बरं आहे, तिथे कायदाच कडक.’ दोन्ही चुकीचं आहे, आणि दुसरं जास्त.

स्वीडनने १ जुलै २०१८ पासून बलात्काराचा कायदा बदलला. समोरची व्यक्ती स्वेच्छेने सहभागी होती का, एवढाच प्रश्न उरला. मारहाण किंवा धमकी दाखवावी लागत नाही. २०१७ मध्ये बलात्काराच्या १९० शिक्षा झाल्या होत्या, २०१९ मध्ये ३३३. पण गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी आजही सरकारी वकिलावरच आहे, आणि सही कुणी कुणाकडून घेत नाही.

आपण तर पाच वर्षं पुढे होतो. भारतीय दंड संहितेच्या २०१३ च्या दुरुस्तीने सहमती म्हणजे शब्दांतून, खुणांतून स्पष्ट दिलेला ऐच्छिक होकार, असं लिहून ठेवलं. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून होकार धरता येणार नाही, हेही लिहिलं. आज ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये आहे. त्यामागे देसाईगंजचं पोलीस ठाणं आहे: १९७२ मध्ये तिथे एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, आणि अंगावर जखमा नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही आरोपी पोलिसांना सोडलं. मथुरा खटला तो हाच, मथुरा हे त्या मुलीचं नाव.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की व्याख्येवर भांडणं पुरे, घटनेनंतरच्या पहिल्या चार दिवसांकडे बघा. शारीरिक नमुने साधारण ९६ तासांपर्यंतच घेण्यात अर्थ असतो. कपडे सावलीत वाळवून, प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत. प्लास्टिकमध्ये ओल राहते, बुरशी येते आणि डीएनए खराब होतो. पण आरोपी ‘हो, संबंध झाले, तिच्या मर्जीने’ म्हणाला की डीएनए निरुपयोगी. तो फक्त संबंध सिद्ध करतो, नकार नाही.

तिथे कामी येतं ते वेगळंच. तक्रारदार स्त्रीने सर्वांत आधी कुणाला सांगितलं, किती वाजता, कोणत्या शब्दांत? त्या व्यक्तीचा जबाब लगेच घ्यायला हवा. दोन वर्षांनी तिला शब्द आठवत नाहीत, आणि उलटतपासणीत नेमकं तेच पकडतात. व्हॉट्सअ‍ॅपचे नुसते स्क्रीनशॉट चालत नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं (आकडा तोच, कायदा वेगळा), त्यात हॅश मूल्य (फाइलचा डिजिटल ठसा) आणि तज्ज्ञाची सही. दरम्यान फोन बदलला, चॅट पुसली, की संपलं. स्वीडनमध्येही शब्दाविरुद्ध शब्द अशा खटल्यात तक्रारदाराच्या जबाबाला असाच आधार शोधतात.

कायद्यात आपण खरोखर मागे आहोत ते लग्नात. स्वीडनमध्ये पत्नीवरचा बलात्कार १९६५ पासून गुन्हा आहे. आपल्याकडे पत्नी अठरा वर्षांची झाली की पतीला अपवाद.

आणि वकिलात. स्वीडनमध्ये तपास सुरू होताच तक्रारदाराला सरकारी खर्चाने स्वतःचा वकील मिळतो, तो जबाबाच्या वेळी शेजारी बसतो. आपल्याकडे प्रत्येक स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकिलाचा हक्क आहे, पण त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. तो अर्ज ठाण्यातच, तक्रार नोंदवतानाच भरून घ्यायला नवा कायदा लागत नाही.