आप्पांची टाच

साखरेपायी आप्पांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला तेव्हा मी नववीत होते. महिन्याभराने एका रात्री त्यांनी आजीला हाक मारली, "अगं, टाच खाजतेय." आजी डाव्या पायाकडे वळली तर म्हणाले, "ती नव्हे, गेलेली." आम्हा पोरांना हसू आवरेना. आता आठवलं की लाज वाटते.

परवा मित्रांच्या ग्रुपवर जुंपली तेव्हा ही टाच आठवली. एक जण छातीठोकपणे म्हणाला, "अनुभव-बिनुभव काही नसतं, मेंदूने केलेला भास आहे सगळा." अगदीच हवेतलं नव्हतं ते. २०२४ मध्ये गेलेले अमेरिकन तत्त्वज्ञ डॅनियल डेनेट आयुष्यभर साधारण याच बाजूने लढले, आणि कीथ फ्रँकिश या तत्त्वज्ञांनी २०१६ साली 'इल्युजनिझम' (म्हणजे भासवाद) या नावाने ती बाजू नीट मांडली. पण 'दुखत नाही' असं या मंडळींचं म्हणणं नाही. दुखण्याला एक खास, आतला, शब्दांत न मावणारा रंग असतो असं जे आपल्याला वाटतं, ती मेंदूने स्वतःबद्दल करून घेतलेली समजूत आहे, असं ते म्हणतात.

यातलं निम्मं मला पटतं. करून बघा. हात लांब करून दोन्ही अंगठे शेजारी धरा, डावा डोळा मिटा, नजर डाव्या अंगठ्यावरून हलवू नका आणि उजवा अंगठा हळूहळू उजवीकडे न्या. वीतभर जायच्या आतच त्याचं टोक गायब होतं. तिथे काळं भोकही दिसत नाही, मागची भिंत सलग दिसते! जन्मभर डोळ्यात हे छिद्र घेऊन फिरतो आणि पत्ता नसतो. म्हणजे आपल्या अनुभवाबद्दल आपण बेधडक चुकतो, कबूल.

पण चुकतो ते नेमकं कशात? फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४१ च्या ग्रंथात आप्पांसारख्यांचाच दाखला दिलाय: हातपाय तोडलेल्यांना नसलेल्या अवयवात दुखतं, तेव्हा आतल्या संवेदनांवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. बरोबर आहे. आप्पांची 'टाचेत' ही जागा चुकली होती. पायासाठी राखलेला मेंदूचा भाग पाय गेला म्हणून रजेवर जात नाही. पण म्हणून खाज चुकली होती का? दोरीला साप समजलो तर दिवा लावून दोरी दाखवता येते. खाजेवर दिवा धरून काय दाखवणार?

भासवाले म्हणतील, 'खाजतंय' हा मेंदूचा फक्त एक निवाडा आहे. असेल. पण नुसत्या निवाड्याने माणूस रात्री दोन वाजता तळमळत उठून बसतो, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही. गेलन स्ट्रॉसन या तत्त्वज्ञांनी तर अनुभव नाकारणं हा आजवरचा सर्वांत खुळा दावा ठरवलाय. इतकं तोंड सोडायची गरज नव्हती, पण माझं मत त्यांच्याच बाजूला झुकतं.

मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी नव्वदच्या दशकात आरसा लावून शाबूत हाताचं प्रतिबिंब तुटलेल्या हाताच्या जागी दाखवलं, तर काही रुग्णांचं दुखणं कमी झालं. तिथे बरं करायला हात नव्हताच. उतार मात्र पडला.

आमच्या आजीला यातलं काही माहीत नव्हतं. पहिल्या रात्री ती "अहो, कुठली टाच?" म्हणाली. नंतर विचारायचं सोडलं. उठायची, चादरीच्या सपाट भागावर बोटं फिरवायची. आप्पा डोळे मिटून सांगायचे, "जरा खाली... हां, तिथंच."